चांदबीबी आणि धोक्याची घंटा

नगरला शिकायला आलेला प्रत्येक होस्टेलाइट पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकदा तरी चांदबीबी महालावर जाऊन येतो. पाथर्डी रस्त्याने जायचं, शाह डोंगर चढायचा, फोटो काढायचे आणि मेस बंद व्हायच्या आत परत यायचं. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं असलं तरी बोलण्यात अजून नगरच येतं, आणि तसाच तो महालही बोलण्यात चांदबीबीचाच राहिला आहे. प्रत्यक्षात ती अष्टकोनी, तीन मजली इमारत म्हणजे निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. चांदबीबी तिथे राहत नव्हती. तिचं आयुष्य घडलं आणि संपलं ते खाली, शहरालगतच्या भुईकोट किल्ल्यात.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात ही इतिहासाची बाई कुठून आली? तर सांगते. टी.ई.ला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट घेतला होता : छोट्या हॉटेलसाठी फायर अलार्म सिस्टिम. त्याच दिवसांत किल्ल्याविषयी काही वाचत होते. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांच्या हिस्टरीच्या पुस्तकात चांदबीबी दोन ओळींत संपायची, ती पहिल्यांदाच सविस्तर भेटली. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये जे तीन प्रश्न होते तेच तिच्या आयुष्यात फिरून फिरून येतात. धोका आहे हे कळणार कसं? वेळेत कळेल का? आणि कळलं तर लोक विश्वास ठेवतील का?

चांदबीबीचा जन्म १५५० च्या सुमाराचा. वडील हुसेन निजामशहा, नगरचे सुलतान. आज आपण जो दगडी किल्ला बघतो तो मूळच्या मातीच्या गढीच्या जागी त्यांनीच बांधून घेतला. आई खुंजा हुमायून. पतीच्या मृत्यूनंतर मुलगा लहान असताना तिने काही वर्षं राज्याचा कारभार पाहिला होता. म्हणजे बाईने दरबार चालवणं ही गोष्ट चांदबीबीने घरातच बघितली होती. तिला अरबी, फारसी, तुर्की, मराठी आणि कानडी येत होतं, ती वाद्य वाजवायची, चित्रं काढायची आणि घोड्यावर बसून शिकारीला जायची, असं सांगतात.

तिचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं. ते लग्न म्हणजे राजकीय तहच होता. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची एकजूट व्हावी म्हणून नगरची मुलगी विजापूरला गेली, विजापूरची मुलगी नगरला आली, आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला विजापूरला मिळाला. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई झाली. विजापूरला अलीने १५७९ मध्ये बांधलेली चांद बावडी ही मोठी विहीर तिच्याच नावाने ओळखली जाते.

१५८० मध्ये अलीचा खून झाला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर बसला आणि त्याला सांभाळायची जबाबदारी चांदबीबीवर आली. दरबारात दख्खनी, हबशी आणि परदेशी सरदारांची भांडणं रोजची. किश्वरखान नावाच्या सरदाराने तर तिला पकडून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं. पण त्याचं फार दिवस चाललं नाही. हबशी सरदारांनी त्याला हुसकावलं आणि तिची सुटका झाली. काही वर्षांनी ती माहेरी, नगरला परतली.

माहेरी काय चाललं होतं? नगरच्या गादीवर तिचा भाऊ मुर्तजा निजामशहा होता. लोक त्याला दिवाणा म्हणत. तो वर्षानुवर्षं एकांतात राहायचा, कुणाला भेटायचा नाही आणि संशय मात्र सगळ्यांवर घ्यायचा. शेवटी संशय स्वतःच्या मुलावर, मीरान हुसेनवर आला. यापुढे जे झालं ते त्या वेळी नगरमध्येच असलेल्या फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. मुलगा झोपलेला असताना मुर्तजाने त्याच्या अंथरुणाला आग लावली आणि दार बाहेरून बंद केलं. मुलगा जागा झाला, जिवाच्या आकांताने ओरडला, कुणीतरी दार उघडलं म्हणून वाचला. पुढे १५८८ मध्ये त्याच मुलाने बापाला हमामखान्यात कोंडलं, दारंखिडक्या बंद केल्या आणि खाली मोठा जाळ करून त्याला गुदमरवून मारलं. तो मुलगाही वर्षभरात मारला गेला.

वाचताना अंगावर काटा येतो. पण क्षणभर सूडाची गोष्ट बाजूला ठेवून फक्त खोलीकडे बघा. बंद खोली, झोपलेला माणूस, धुमसणारी गादी, बंद दार. छोट्या लॉजमधली आग याहून फार वेगळी नसते. झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागं करेलच याचा भरवसा नाही. त्यात धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, तो उलट गुंगी आणतो. ज्वाळा अंगापर्यंत पोचायच्या आधी धूर काम करून जातो. म्हणून झोपायच्या खोलीत स्मोक डिटेक्टर लावतात. त्याच्या आत एक काळोखी डबी असते. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, दुसरीकडे कोनात बसवलेला फोटोडायोड. एरवी प्रकाश डायोडपर्यंत पोचत नाही. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, डायोडवर पडतो आणि सिग्नल जातो. धुमसणाऱ्या कापसाच्या गादीसाठी हा डिटेक्टर अगदी योग्य. आणि नुसता सिग्नल जाऊन उपयोग नाही, झोपलेला माणूस उठला पाहिजे, म्हणून उशीपाशी साधारण ७५ डेसिबल आवाज पोचावा असा नियम धरतात. मीरान हुसेनला स्वतःचंच ओरडणं कामी आलं. पण तो जागा झाला नसता तर?

पुन्हा चांदबीबीकडे येऊ. १५९५ मध्ये नगरची अवस्था फार वाईट होती. सुलतान इब्राहिम निजामशहा विजापूरशी झालेल्या लढाईत मारला गेला. त्याचा मुलगा बहादूर अजून अगदी लहान. सरदारांचे गट पडले, प्रत्येकाचा वेगळा वारस. त्यातल्या मियाँ मंजू नावाच्या सरदाराने तर कमालच केली. घरातल्या भांडणात मदत म्हणून त्याने गुजरातेतून अकबराचा मुलगा शहजादा मुराद यालाच बोलावलं! नंतर त्याला पश्चात्ताप झाला, पण फौज निघाली होती. मुराद, खानखानान अब्दुर्रहीम आणि खानदेशचा राजा अलीखान डिसेंबर १५९५ मध्ये नगरसमोर येऊन उभे राहिले. मियाँ मंजू मदत आणायला म्हणून बाहेर निघून गेला. किल्ल्यात उरली चांदबीबी. तिने बहादूरच्या नावाने द्वाही फिरवली आणि बचावाची सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. तेव्हा ती पंचेचाळिशीची असेल.

किल्ल्याची भिंत तोफांना दाद देईना. मग मोगलांनी तटाखाली सुरुंग खणायला घेतले. आताच्या भाषेत सांगायचं तर धोका जमिनीखाली तयार होत होता आणि वर सगळं नॉर्मल दिसत होतं. वायरिंग भिंतीत तापत असतं तेव्हा रिसेप्शनवर सगळं कसं शांत असतं, तसंच. युरोपात अशा वेळी जमिनीवर ढोल ठेवून त्यावर वाटाणे टाकायचे आणि ते थरथरतात का ते बघायचे. तो एक प्रकारचा डिटेक्टरच. नगरच्या किल्ल्याला मात्र इशारा दिला तो एका माणसाने. मोगल छावणीतल्या ख्वाजा मुहम्मदखान शिराजी याला किल्ल्यातल्या लोकांची दया आली. रात्रीच्या अंधारात त्याने आत खबर पोचवली, सुरुंग तयार आहेत आणि कुठे आहेत तेही सांगितलं.

आता इथे थांबून विचार करा. शत्रूच्या छावणीतून एक माणूस येतो आणि सांगतो की तुमच्या पायाखाली दारू भरली आहे. ही थाप असू शकते. घाबरवून किल्ला रिकामा करायचा डावही असू शकतो. चांदबीबीने काय केलं? तिने खबर फेटाळली नाही आणि पळापळही होऊ दिली नाही. सांगितलेल्या जागी लगेच खणायला लावलं. खबर खरी निघाली. रात्रभर खणून सकाळपर्यंत दोन सुरुंग सापडले, त्यातली दारू काढून टाकली. तिसऱ्याचा शोध चालू असतानाच मुरादने बत्ती द्यायला लावली. खणणारी माणसं तिथेच गेली आणि तटाला साधारण पन्नास यार्डांचं भगदाड पडलं.

किल्ल्यातले लोक पळायला लागले. आणि तेव्हा ती आली, चेहऱ्यावर बुरखा आणि हातात उपसलेली तलवार. तिला बघून पळणारे थांबले, परत फिरले. दुसरीकडे मोगल फौज लगेच चढली नाही, कारण उरलेले सुरुंगही उडतील याची ते वाट बघत बसले. पण ते उडणार कसे? दारू तर रात्रीच काढून टाकलेली! त्या वाट बघण्यात जो थोडा वेळ मिळाला, त्यात भगदाडापाशी तोफा आणि माणसं उभी राहिली. अंधार पडेपर्यंत लढाई झाली आणि मोगलांना मागे हटावं लागलं. त्याच रात्री तिने स्वतः उभं राहून भिंत पुन्हा काही फूट उंच चढवून घेतली. गोळे संपल्यावर तिने तांब्याची, चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफेतून डागली, अशी एक दंतकथा लोक सांगतात. ती खरी असो नसो, वऱ्हाड देऊन १५९६ मध्ये तह झाला, बहादूरची गादी आणि नगर दोन्ही वाचले. तेव्हापासून चांदबीबीची चांदसुलताना झाली असं म्हणतात.

फायर इंजिनिअरिंगमध्ये दोन वेळांचा हिशोब करतात. एक, आग लागल्यापासून खोलीत थांबणं अशक्य होईपर्यंत मिळणारा वेळ. दुसरा, माणसाला कळून, उठून, बाहेर पडायला लागणारा वेळ. पहिला वेळ दुसऱ्यापेक्षा मोठा असला तर माणूस वाचतो. अलार्म आग विझवत नाही, तो फक्त दुसऱ्या वेळेतला कळण्याचा भाग कमी करतो. शिराजीच्या खबरेने नेमकं तेच केलं. भगदाड तरीही पडलं, पण सगळे सुरुंग एकदम उडाले असते तर वेढा त्याच दिवशी संपला असता.

आता आमच्या प्रोजेक्टविषयी थोडं, कारण चांदबीबीची शेवटची गोष्ट मला त्यामुळेच नीट समजली. आम्ही शिर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक छोटं लॉज बघायला गेलो होतो. तळमजला आणि वर दोन मजले, खाली किचन, वर खोल्या, एकच जिना. सिस्टिम होती बरं का! काउंटरमागे पॅनेल, पॅसेजमध्ये डिटेक्टर, जिन्यापाशी काच फोडून दाबायचं लाल मॅन्युअल कॉल पॉइंट, आणि हूटर. साध्या पॅनेलचं काम समजायला सोपं आहे. प्रत्येक झोनच्या दोन वायरी शेवटच्या डिटेक्टरपर्यंत जातात आणि टोकाला एक रेझिस्टर असतो. पॅनेल २४ व्होल्टचं आणि रेझिस्टर ४.७ किलोओहमचा धरला तर ओहमच्या नियमाने साधारण ५ मिलीअँपियर करंट सतत वाहत राहतो. डिटेक्टरला धूर लागला की करंट एकदम वाढतो, पॅनेल म्हणतं आग. वायर तुटली तर करंट शून्य, पॅनेल म्हणतं फॉल्ट. म्हणजे सगळं ठीक आहे हेसुद्धा पॅनेल दर क्षणी तपासत असतं. मला ही आयडिया फार आवडते.

तिथे मात्र एका झोनचा पिवळा फॉल्टचा दिवा लागलेला होता आणि हूटरची वायर काढून ठेवलेली होती. मॅनेजरकाकांनी न रागावता कारण सांगितलं. किचनच्या दाराशीच स्मोक डिटेक्टर होता. रोज फोडणी दिली की हूटर वाजायचा. पहाटे काकड आरतीला जायला उठणारे भाविक घाबरून खाली यायचे, काही जण पैसे परत मागायचे. पहिल्या आठवड्यात सगळे धावले, दुसऱ्या आठवड्यात कुणी हललं नाही, तिसऱ्या आठवड्यात वायर निघाली. त्यांचं सगळंच चुकत होतं असं मला वाटत नाही. चूक डिझाइनची होती. किचनमध्ये धुराऐवजी ठरावीक तापमानाला, साधारण ५७ अंशांच्या आसपास, चालू होणारा हीट डिटेक्टर लावायचा असतो. खोटी घंटा वारंवार वाजली की खरी घंटाही मरते.

चांदबीबीला मारलं ते खोट्या घंटेने.

तह टिकला नाही. मोगल पुन्हा आले. नगरच्या सरदारांची भांडणं तशीच राहिली. १६०० मध्ये अकबर स्वतः दक्षिणेत बऱ्हाणपूरपर्यंत उतरला होता आणि त्याचा मुलगा दानियाल व खानखानान यांनी नगरला दुसरा वेढा घातला. ज्याच्यावर भिस्त होती तो हबशी सरदार अहंगखान जुन्नरकडे निघून गेला होता. बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती. चांदबीबीने परिस्थिती बघितली आणि शांतपणे एक हिशोब मांडला. किल्ला देऊन टाकायचा, पण आतल्या माणसांचे जीव राखून आणि लहान बहादूरला घेऊन जुन्नरला जायचं. आपण आज ज्याला इव्हॅक्युएशन म्हणतो तेच हे. इमारत जाऊ दे, माणसं वाचवा. पाच वर्षांपूर्वी भगदाडात उभं राहणाऱ्या बाईने हा सल्ला द्यावा, यातच तिला वेळेचं गणित किती कळत होतं ते दिसतं.

हा विचार तिने हमीदखान नावाच्या सरदाराजवळ बोलून दाखवला. तो बाहेर धावला आणि किल्ल्यातल्या गल्ल्यांतून ओरडत सुटला, की चांदबीबी फितूर झाली, किल्ला मोगलांना विकायला निघाली. कुणी तपासलं नाही. कुणी तिला विचारलं नाही. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला ठार मारलं. शिराजीची खबर आली तेव्हा तिने आधी खणून बघितलं होतं, तिच्याबद्दलची खबर आली तेव्हा मात्र कुणाला क्षणभर थांबावंसं वाटलं नाही.

मोगलांचे सुरुंग याही वेळी तटाखाली तयार होते. आता ते शोधायला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. ऑगस्ट १६०० मध्ये सुरुंग उडाले, तट फुटला, आतल्या पुष्कळ लोकांची कत्तल झाली आणि बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवण्यात आलं. म्हणजे जे टाळायचा प्लॅन ती सांगत होती, ते सगळंच घडलं. निजामशाही पुढे मलिक अंबरने आणखी काही वर्षं जिवंत ठेवली, ती गोष्ट वेगळी.

चारशे वर्षांच्या वर होऊन गेली. पण याच नगरमध्ये ६ नोव्हेंबर २०२१ ला जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्णांचा जीव गेला. जी माणसं स्वतःहून उठून बाहेर जाऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी एकेक मिनिट किती मोलाचं असेल! आणि १६ ऑक्टोबर २०१५ ला मुंबईत कुर्ल्याच्या एका छोट्या हॉटेलात आग लागून ८ जण गेले. त्यात बहुतेक आपल्यासारखेच इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, जेवायला गेलेले.

कायदा आहे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, आणि त्याप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचं लायसन्सधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यायचं असतं. पण कागद वर्षातून दोनदा भरला जातो आणि आग कुठल्याही रात्री लागते. मधल्या दिवसांत यंत्रणा जिवंत ठेवायची ती तिथे राहणाऱ्यांनी आणि काम करणाऱ्यांनी.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले कितीतरी जण पुढे अशा सिस्टिम डिझाइन करतील, बसवतील, तपासतील. चांदबीबीच्या आयुष्यातून मला त्यासाठी तीन गोष्टी सापडल्या. इशारा कुठूनही येवो, अगदी शत्रूच्या छावणीतून येवो, आधी तपासा. तपासायला उशीर लावू नका. आणि गंमत म्हणून किंवा परीक्षा पुढे ढकलायला म्हणून खोटी आवई कधी उठवू नका, कारण तिची किंमत ओरडणारा देत नाही, दुसराच कुणीतरी देतो.

पुढच्या वेळी डोंगरावर गेलात तर जरूर जा, तिथला वारा मस्त असतो. पण येताना किल्ल्याच्या तटाकडेही एक नजर टाका. त्या भिंतीचा एक तुकडा एका बाईने एका रात्रीत उभा केला होता, कारण खबर मिळाल्यावर ती झोपून राहिली नाही. आणि होस्टेलवर परत आल्यावर आपल्या पॅसेजमधला अलार्मचा दिवा हिरवा आहे की पिवळा, तेवढं बघून ठेवा. पिवळा असेल तर रेक्टर सरांना त्याच दिवशी सांगा.